नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी गेम अडखळतोच? गेम परत डाउनलोड करण्याआधी हे तपासा

जुनं कार्ड काढून आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० बसवलं, हौसेनं गेम उघडला आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) होते तेवढेच. कधी सेटिंग्ज आपोआप 'लो'वर गेलेल्या, कधी चित्र धुरकट, कधी पडदा काळा, तर कधी पाचव्या मिनिटाला पीसी धाडकन बंद. दुकानात फोन लावला की उत्तर ठरलेलं: "विंडोज नवीन मारा, गेम परत टाका." शंभर जीबीच्या पुढचा गेम परत टाकायचा म्हणजे उदगीर-माजलगावकडे रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर जवळपास दोन महिन्यांचं काम. आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. कार्ड बदलल्यानं गेमच्या फाइल्स बिघडत नाहीत. जुन्या कार्डासाठी लावलेली केबल, ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर), सेटिंगची फाइल आणि पॉवर सप्लाय तसेच राहिलेले असतात, घोळ तिथं असतो.

म्हणून पैसे आणि डेटा न लागणाऱ्या गोष्टी आधी तपासायच्या आणि खर्चाच्या शेवटी. एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर गेममध्ये त्याच ठिकाणी उभं राहून एफपीएस वहीत लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या की गेम सुधारला तरी कशानं सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर मागे जाता येत नाही.

आधी कॅबिनेटच्या मागे बघा

मॉनिटरची केबल कुठं लावलीय? यूएसबी आणि ऑडिओच्या छिद्रांशेजारी जे एचडीएमआय असतं ते मदरबोर्डचं. नवीन कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. केबल तिथंच हवी. प्रोसेसर इंटेलचा 'एफ' शेपटीचा असेल (१२४००एफ) किंवा रायझन ५ ३६०० असेल तर मदरबोर्डच्या पोर्टातून चित्रच येत नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. पण १२४०० किंवा ५६००जी असेल तर चित्र छान येतं आणि गेम प्रोसेसरमधल्या बारक्या ग्राफिक्सवर रखडत राहतो. 'कार्ड टाकून काहीच फरक नाही' ही तक्रार आली की सगळ्यात आधी हेच बघावं.

मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला असेल तर वेगळी अडचण. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डातून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे डीव्हीआयला लावायचा जुना साधा व्हीजीए जोड उपयोगाचा नाही. आत चिप असलेला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. तो काहीशे रुपयांत मिळतो, पण १०८० पी आणि ६० हर्ट्झच्या पुढं त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि गेम ६०लाच अडकलेला? कार्ड बदलल्यावर विंडोज बऱ्याचदा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) परत ६०वर आणून ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं हर्ट्झ बदला. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबलकडे वळा: एचडीएमआय १.४ वर १०८० पीला बऱ्याचदा १२० हर्ट्झपर्यंतच जाता येतं. १४४० पी आणि १४४ हर्ट्झसाठी डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० हवं, तेही कार्ड, केबल आणि मॉनिटर तिन्हीकडे.

एचडीएमआयवर रंग फिके आणि काळा रंग राखाडी दिसत असेल तर गेममधला ब्राइटनेस फिरवत बसू नका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रेझोल्युशन'च्या पानावर 'आउटपुट डायनॅमिक रेंज' हे 'लिमिटेड'वर राहिलेलं असतं, ते 'फुल' करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पिक्सेल फॉरमॅट' या नावाखाली हीच गोष्ट आहे.

विंडोजला कार्ड ओळखू येतंय का

स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अॅडॅप्टर्स. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' दिसलं तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. अशा वेळी गेम उघडतच नाही किंवा डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांना जोडणारी विंडोजची यंत्रणा) चालत नसल्याची तक्रार करतो. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि 'कोड ४३' असेल तर ड्रायव्हर गोंधळलेला आहे, किंवा कार्डच संशयास्पद आहे. त्याबद्दल पुढे.

नाव बरोबर दिसत असेल तर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर बघा. 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' असे दोन (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) दिसत असतील तर कोणता राबतोय? चुकीचा राबत असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं त्या गेमची एक्सई फाइल जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. जुन्या कार्डाच्या काळात 'पॉवर सेव्हिंग' करून ठेवलेली नोंद इथं वर्षानुवर्षं पडून राहते.

ड्रायव्हर: आधी डाउनलोड, मग साफसफाई

हा क्रम उलटा झाला की पंचाईत. जुना ड्रायव्हर काढला, आणि नवीन सात-आठशे एमबीचा, तो हॉटस्पॉटवर अर्ध्यात तुटला. म्हणून नवीन ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, दोन्ही आधीच उतरवून ठेवा. घरी नेट कमजोर असेल तर ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून पेनड्राइव्हवर आणा.

एनव्हिडिया काढून एनव्हिडियाच बसवलं असेल तर डीडीयूची गरज क्वचितच पडते. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडून 'परफॉर्म अ क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक केली तरी भागतं. एनव्हिडियाकडून एएमडीकडे किंवा उलट गेला असाल, किंवा पडदा मधूनच काळा होत असेल, तर मात्र पूर्ण सफाई करा:

१. इंटरनेट बंद करा. वायफाय असेल तर बंद, लॅन असेल तर वायर काढा. नाहीतर मधल्या मध्ये विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा जुना ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.
२. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन ४ दाबा, सेफ मोड येईल. सेफ मोडमध्ये पिन नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे खात्याचा खरा पासवर्ड आधी आठवून ठेवा.
३. डीडीयू उघडा, 'जीपीयू' निवडा, जुन्या कार्डाची कंपनी निवडा आणि 'क्लीन अँड रिस्टार्ट' दाबा. दोन्ही कंपन्यांची कार्डं वापरून झाली असतील तर दोन्हींसाठी एकेकदा करा.
४. नेट बंदच ठेवून पेनड्राइव्हवरचा नवीन ड्रायव्हर बसवा, रिस्टार्ट करा, मग नेट चालू करा.

यानंतर गेम पहिल्यांदा उघडला की पंधरा-वीस मिनिटं धक्के बसू शकतात. शेडर, म्हणजे चित्रातला रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, नव्या कार्डासाठी पुन्हा तयार होत असतात, जुना साठा नव्या कार्डाला चालत नाही. 'कंपायलिंग शेडर्स' अशी पट्टी दिसत असेल तर ती शंभर टक्के होईपर्यंत खेळायला घेऊ नका. ही वाट न बघता 'कार्ड खराब आहे' म्हणून परत करायला निघालेले लोक काही थोडे नाहीत.

एक कोपरा हमखास विसरला जातो: एमएसआय आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाचा वेग आणि पॉवर बदलणारं सॉफ्टवेअर. जुन्या कार्डाचं ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) तिथं 'अप्लाय अॅट स्टार्टअप'वर ठेवलेलं असेल तर तेच आकडे नव्या कार्डावर चढू शकतात आणि गेम डेस्कटॉपवर येऊन पडतो. रीसेट करा. त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमध्ये जुनी ३० किंवा ६० एफपीएसची मर्यादा राहिलीय का तेही बघा. दोन हजार रुपयांचं कार्ड असो की चाळीस हजारांचं, ती मर्यादा दोघांनाही सारखीच धरून ठेवते.

गेमच्या डोक्यातून जुनं कार्ड काढा

गेम पहिल्यांदा चालतो तेव्हा समोरचं कार्ड बघून स्वतःसाठी एक सेटिंग फाइल लिहून ठेवतो. कार्ड बदललं तरी बरेच गेम तीच फाइल वाचत राहतात. मेनूमधून कितीही बदल करा, काही ओळी जुन्याच राहतात.

जीटीए ५ घ्या. डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्स, त्यात जीटीए व्ही, आणि त्यात 'सेटिंग्ज' नावाची एक्सएमएल फाइल. नोटपॅडमध्ये उघडून अगदी खाली गेलात की 'व्हिडिओकार्डडिस्क्रिप्शन' अशी ओळ सापडेल. तिथं अजून जुन्याच कार्डाचं नाव असेल तर उत्तर मिळालं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये स्टीमच्या फोल्डरात 'युजरडेटा', मग तुमचा खात्याचा आकडा, ७३०, 'लोकल', 'सीएफजी' असं उतरत गेल्यावर 'सीएस२_व्हिडिओ' ही टेक्स्ट फाइल मिळते. तिच्या सुरुवातीला 'व्हेंडरआयडी' असतो. ४३१८ म्हणजे एनव्हिडिया, ४०९८ म्हणजे एएमडी, ३२९०२ म्हणजे इंटेल. एएमडीचं कार्ड बसवलंय आणि फाइल ४३१८ सांगतेय, तर ती फाइल बाजूला काढायची.

अनरिअल इंजिनवरच्या गेमांसाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, 'लोकलअॅपडेटा' हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा. गेमच्या नावाचं फोल्डर, त्यात 'सेव्ह्ड', 'कॉन्फिग', आणि 'विंडोज' किंवा 'विंडोजनोएडिटर'. तिथं 'गेमयुजरसेटिंग्ज' नावाची आयएनआय फाइल असते. धुरकट चित्राचं मूळ बऱ्याचदा हिच्यात असतं: 'रेझोल्युशनक्वालिटी' या ओळीपुढं जुन्या कार्डाला झेपावं म्हणून ५० ठेवलेलं असतं. म्हणजे मेनूत १९२० बाय १०८० दिसलं तरी गेम आत ९६० बाय ५४०चं चित्र काढून ताणतो. ते १०० करा. 'फुलस्क्रीनमोड'पुढं ० असेल तर पूर्ण पडदा, १ म्हणजे बिनकडांची खिडकी, २ म्हणजे साधी खिडकी. मॉनिटर बदलल्यावर गेम पडद्याबाहेर उघडत असेल तर इथं २ लिहून आत शिरा आणि मग मेनूतून नीट करा.

फाइल पुसू नका, नाव बदला, शेवटी 'जुनी' जोडलं तरी पुरे. गेम नवीन फाइल स्वतः बनवतो, आणि काही बिनसलं तर जुनी परत ठेवता येते. सेव्ह गेमच्या फाइल्स पुष्कळदा शेजारीच असतात, पूर्ण फोल्डरला हात लावाल तर शंभर तासांचा खेळ जाईल.

एवढं करूनही जुन्याच सेटिंग्ज परत येत असतील तर तीन जागा बघा. पहिली, स्टीम क्लाउड. तुम्ही फाइल काढता आणि स्टीम ती वरून परत आणून ठेवतं. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये क्लाउड सिंक तात्पुरतं बंद करा, नवी फाइल तयार होऊ द्या, मग चालू करा. दुसरी, फाइलची 'रीड ओन्ली' खूण. जुन्या कार्डावर 'एफपीएस बूस्ट'चा व्हिडिओ बघून कधीतरी ती लावलेली असते, आणि आता गेम बिचारा काही लिहूच शकत नाही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टिक काढा. तिसरी, वनड्राइव्ह. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या आत गेलेलं असेल तर एकाच नावाची दोन फोल्डरं होतात आणि आपण नको त्यातली फाइल बदलत बसतो. कोणत्या फाइलची तारीख आजची आहे ते बघितलं की खरी कोणती ते कळतं.

स्टीममधले लाँच ऑप्शन्सही उघडून बघाच. जुन्या पीसीसाठी लिहिलेलं डायरेक्टएक्स ११ सक्तीचं किंवा १२८० बाय ७२०चं फर्मान तिथं तसंच असतं. रे ट्रेसिंगचा (खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्यांचा) पर्याय राखाडी दिसण्याचं हेही एक कारण आहे: गेम डायरेक्टएक्स ११ मध्ये उघडला की तो पर्याय मिळत नाही. डीएलएसएस (छोटं चित्र काढून ते हुशारीनं मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय) राखाडी असेल तर कार्ड आरटीएक्स आहे ना ते बघा, जीटीएक्सवर ते येत नाही. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधली चित्रं स्वतः बनवून भरणं) ४० मालिकेपासून पुढेच आहे, आणि त्यासाठी विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये 'हार्डवेअर अॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' चालू लागतं.

सेटिंग्ज वाढवल्या, कमी केल्या, एफपीएस जागचे हलत नाहीत

एक सोपी परीक्षा. रेझोल्युशन १०८० पीवरून ७२० पीवर आणा. एफपीएस चांगले वाढले तर कार्डावर ताण होता. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. चौथ्या पिढीच्या आय३वर आरटीएक्स ३०६० बसवलं की हेच होतं: कार्ड निम्म्या क्षमतेवर सुस्त आणि प्रोसेसर शंभर टक्के घामाघूम. अशा वेळी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) आणि रेझोल्युशन कमी करून काही मिळत नाही. गर्दीची संख्या, वाहनांची घनता, दूरवरचं दिसण्याचं अंतर आणि भौतिकीचे परिणाम कमी करा. चित्राची गुणवत्ता मात्र खुशाल वाढवा, कार्ड रिकामंच आहे.

नवा प्रोसेसर घ्यायला पळण्याआधी रॅम बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर रॅम एकाच वाटेनं चालते, आणि धक्के बसण्याचं ते मोठं कारण असतं. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेगही तपासा: ३२००ची रॅम २१३३ किंवा २४०० दाखवत असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, बंद आहे. नव्या मदरबोर्डावर किंवा बायोस अपडेटनंतर ते बंदच मिळतं.

टेक्स्चरचं गणित कार्डाच्या मेमरीवर. ८ जीबीच्या कार्डावर १०८० पीला 'हाय' बहुतेक गेमांत निभावतं. 'अल्ट्रा'वर एफपीएस बरे दिसतात पण वळताना झटका बसतो, कारण मेमरी भरून सामान साध्या रॅममध्ये सांडायला लागतं. त्या झटक्यावर एकच उपाय, टेक्स्चर एक पायरी खाली.

बायोसमध्ये काय बघायचं

'अबव्ह ४जी डिकोडिंग' आणि 'रीसाइज बार' चालू करा, त्यांनी प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरता येते. इंटेल आर्क कार्ड असेल तर याच्याशिवाय कामगिरी फारच पडते. त्यासाठी सीएसएम (पीसी जुन्या पद्धतीनं सुरू करण्याची सोय) बंद लागतं, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर पीसी सुरूच होणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी तपासा. एमबीआर असेल तर विंडोजमधलंच 'एमबीआर२जीपीटी' डेटा न पुसता बदल करतं, तरी महत्त्वाचं सामान बाहेर काढून ठेवलेलं बरं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

प्रोसेसर बदलून किंवा बायोस अपडेट करून व्हॅलोरंट हा गेम 'व्हॅन ९००३' ही चूक दाखवू लागला तर ग्राफिक्समध्ये शोधू नका. विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसमधली सेटिंग) लागतं आणि बायोस रीसेट होताना ते बंद झालेलं असतं.

जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडा, 'बस इंटरफेस'ची ओळ बघा. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून त्याची चाचणी चालवा, कारण रिकामं बसलेलं कार्ड मुद्दाम कमी वेग दाखवतं. एक्स १६च्या (डेटाच्या १६ वाटांच्या) कार्डाला एक्स ४ दिसत असेल तर ते खालच्या खाचेत बसलंय किंवा नीट बसलेलं नाही. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० मुळात एक्स ८च आहेत, त्यांची काळजी नको. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र एक्स ४चं आहे, आणि पीसीआयई ३.०च्या जुन्या बोर्डावर ते ठळकपणे मार खातं. तिथं टेक्स्चर कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात.

गेम चालू असतानाच पीसी बंद पडतो

हा प्रश्न ग्राफिक्स सेटिंगचा वाटतो, कारण 'अल्ट्रा' केलं की बंद पडतो आणि 'लो'वर चालतो. पण मूळ विजेत किंवा उष्णतेत असतं. आधी दोन्हींतलं कोणतं ते ठरवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदीत फक्त 'कर्नल-पॉवर ४१' असेल तर पीसी अचानक, नीट बंद न होता गेला एवढं नक्की, आणि पहिला संशय पॉवर सप्लायवर. पीसी चालूच राहिला पण पडदा क्षणभर काळा होऊन परत आला आणि '४१०१' ही नोंद असेल तर ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक किंवा कार्ड.

पॉवर सप्लायच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असलं तरी बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत त्याला १२ने गुणा. १८ अँपिअर म्हणजे २१६ वॉट, बस्स. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट मागतं, प्रोसेसरला ६५ ते १०० गेले की शिल्लक काय? एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा सप्लाय सांगते, एएमडी आरएक्स ६६००साठी ४५०, आणि हे आकडे खऱ्या ताकदीच्या सप्लायचे आहेत. कार्डाची ८ पिनची जोडणी थेट सप्लायमधून आलेल्या वायरीनं करा. हार्डडिस्कच्या जुन्या चारपिनी वायरीवरून जोड लावून केलेली ८ पिन गरम होते, वितळतेसुद्धा.

खात्री करायची तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के करा आणि गेमला ६० एफपीएसची मर्यादा घाला. बंद पडणं थांबलं तर सेटिंग निर्दोष, सप्लाय किंवा उष्णता दोषी.

संध्याकाळीच बंद पडत असेल तर विजेचा दाब मोजा. शेतीपंप चालू झाले किंवा डीपीवर भार आला की गावाकडं २३०चे १८० व्होल्ट होतात. अॅक्टिव्ह पीएफसीचा, १००-२४० लिहिलेला सप्लाय हे सोसतो. मागे लाल बटण असलेला स्वस्तातला सप्लाय सोसत नाही. आणि लाईट गेल्यावरच बंद पडत असेल तर यूपीएसचा हिशोब करा: ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना ३०० वॉट आणि वर मॉनिटर असेल तर लाईट जाण्याच्या त्या क्षणी तो हात टेकतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ पीसीच्या सप्लायला पेलत नाही, कारण वीज गेल्यावर तो पंधरा-सतरा मिलिसेकंद तग धरतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. सप्लायच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर ११० व्होल्टच्या आसपास दाब तरंगत असतो. करंट अगदी थोडा, पण चालू पीसीला एचडीएमआय केबल लावताना-काढताना पोर्ट जायला तेवढा पुरतो. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात बरी असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरती उरते. खड्ड्यात पाणी घाला. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा: दोन-तीन व्होल्ट ठीक, दहाच्या पुढं असेल तर वायरमनला बोलवा.

आता उष्णता. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३वर असतो, स्लॅबखालची खोली ३८-४०वर. थंडीत २५ अंशांच्या खोलीत ६८वर चालणारं कार्ड तेच काम ४० अंशांत करताना ८३च्या घरात जातं, आणि एनव्हिडियाची बरीच कार्डं साधारण तिथंच स्वतःचा वेग उतरवू लागतात. म्हणून डिसेंबरात ठरवलेल्या सेटिंग्ज मेमध्ये जड जातात. यावर सगळ्यात चांगला उपाय पॉवर लिमिट ८० टक्के करणं. एफपीएस थोडेच घटतात, तापमान बरंच खाली येतं. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावणं हा दोन दिवसांचा उपाय, तिसऱ्या दिवसापासून धूळ बसते. आणि खोलीतल्या एअर कूलरच्या झोतात पीसी ठेवू नका. ओलसर हवा आणि गवताच्या जाळीतला भुसा दोन्ही हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतात, त्याचा लगदा नंतर ब्लोअरनंही निघत नाही.

कार्ड वापरलेलं घेतलं असेल तर

पुण्या-मुंबईहून कुरिअरनं आलेलं स्वस्त कार्ड आधी जीपीयू-झेडमध्ये उघडा. नावाच्या आधी 'फेक' असं चौकटी कंसात आलं तर विषय संपला: आत जुनी चिप आहे आणि कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये नाव बदललंय. आरएक्स ५८० म्हणून घेतलं असेल तर शेडर्सचा आकडा बघा. २३०४ असतील तर ते पूर्ण ५८०, २०४८ असतील तर ताकद आरएक्स ५७०ची. माइनिंगसाठी (क्रिप्टो नाणी मिळवण्यासाठी) बायोस बदललेल्या एएमडी कार्डावर बऱ्याचदा ड्रायव्हर बसत नाही किंवा कोड ४३ येतो. काही कार्डांवर वरच्या कडेला बायोसचं बारीक बटण असतं. पीसी बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवा, मूळ बायोस तिथं शाबूत असण्याची शक्यता असते. कुरिअरचं खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि सीरियल नंबरचा स्टिकर त्यात दिसू द्या, परतीचं बोलणं त्याच्याशिवाय पुढं सरकत नाही.

तरीही गेम परत टाकायचीच वेळ आली तर

आधी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून 'व्हेरिफाय इंटिग्रिटी' चालवा. ते फक्त बिघडलेले तुकडे उतरवतं, कधी कधी काही एमबींवर भागतं. त्यानंही झालं नाही तर ज्या मित्राकडे तोच गेम स्टीमवर आहे त्याच्याकडून 'स्टीमअॅप्स'मधल्या 'कॉमन'च्या आतलं गेमचं पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर आणा. आपल्याकडचा गेम आधी अनइन्स्टॉल करा, आणलेलं फोल्डर नावात अक्षराचाही फरक न करता त्याच जागी ठेवा आणि मग स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबा. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला असला पाहिजे, हे उघड आहे. स्टीम आधीच्या फाइल्स सापडल्याचं सांगून तपासणी करतं आणि जे कमी असेल तेवढंच डाउनलोड करतं. हार्डडिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी. एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल तिच्यावर चढत नाही, आणि मोठ्या गेमांत तशा फाइल्स हमखास असतात.